पुढील हुकूम होईपर्यंत

बाईसाहेबांना गणपतकाकांनी कधी पाहिलं नव्हतं. वर्षानुवर्षं त्यांनी बाईसाहेबांच्या उंबऱ्यावर पाण्याचा तांब्या ठेवला, रोज, सूर्य टेकडीवर आला की. पण बाईसाहेब पडद्यातल्या, आणि काका परपुरुष. त्यामुळे कोठीतली, म्हणजे त्यांच्या वाड्यातली, सगळी व्यवस्थाच अशी लावलेली की नोकराने आपलं काम करून निघून जावं आणि मगच बाईसाहेबांनी त्या दालनात यावं. आपण त्यांचा आवाज दोनदा ऐकला, असं काका म्हणत. एकदा खोकल्याचा, एकदा हसण्याचा. पुढे बाईसाहेब काशीला गेल्या आणि तिथेच वारल्या. तार आली तेव्हा कारभाऱ्यांनी तिन्ही नोकरांना अंगणात बोलावून ती वाचून दाखवली आणि म्हणाले, "पुढील हुकूम होईपर्यंत दस्तूर चालू ठेवा." त्यानंतर संस्थानं विलीन झाली आणि कारभारी मुलाकडे ग्वाल्हेरला निघून गेले. हुकूम द्यायला कोणी उरलंच नाही. पगार इंदूरचा कोणी वकील पाठवायचा, त्यालाही कोणीतरी तसंच सांगून ठेवलेलं असणार. आणि दस्तूर चालू राहिला.

मी देवासला काकांकडे आले ती हे सगळं होऊन चार-पाच वर्षं झाल्यावर. आमचं घर मूळ धारचं. माझे वडील दरबारची खोगिरं शिवत. आमचे पूर्वज पवारांच्या घोड्यांमागून या मुलखात आले ते सुई-दोरा घेऊनच, असं ते म्हणत. घोडे गेले तसं ते शाळेच्या पोरांची दप्तरं शिवायला लागले. आई गेल्यावर घरात बाईमाणूस उरलं नाही, म्हणून त्यांनी मला थोरल्या भावाकडे पोचवलं. काका-काकूंना मूल नव्हतं. देवास हे गावच मोठं गमतीचं. एवढ्याशा वस्तीत पूर्वी दोन राज्यं, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या कडेला एक दरबार, त्या कडेला दुसरा. काकू म्हणायची, "इथं कुत्र्याला पण दोन राजांची ओळख ठेवावी लागायची." आमची खोली कोठीच्या मागच्या भिंतीला लागून होती. पहाटे टेकडीवरच्या देवीची घंटा, मग इंदूरच्या पहिल्या मोटारीचा भोंगा, मग काकूचं जातं. भाद्रपदात भुट्ट्याचा कीस, थंडीत दाल-बाफले, आणि बाफले तुपात बुडवताना काकूचा ठरलेला शेरा: "खा गं यमे, धारला तुझा बाप तुला खोगिराचं कातडं उकडून घालत होता का?"

पहिल्याच आठवड्यात, दिवेलागणीला, मी अंगणातून कोठीच्या वरच्या मजल्याकडे पाहिलं. खिडकीत दिवा होता. दिव्यापुढून काहीतरी रुंद, काळं, सावकाश जात होतं आणि परत येत होतं. मी धावत आत आले.

"काकू, वर कोण राहतं?"

"बाईसाहेब."

"त्या वारल्या ना?"

काकू भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. "वारल्या. पण राहतात," ती म्हणाली.

तो पंखा होता. छताला टांगलेला झालरीचा मोठा पंखा. त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेरच्या सज्जात यायची आणि तिथे रामाजी नावाचा म्हातारा ती ओढत बसायचा. तो आत कधी गेला नाही. पण तो मला शपथेवर सांगायचा, "पोरी, काही संध्याकाळी दोरी जड लागते. कोणीतरी वाऱ्याला बसलेलं असतं." तिसरी गेंदीबाई, माळव्याचीच. ती दुपारी मागच्या जिन्याने जाऊन खोली आवरायची. तिच्या आधी तिची सासू ते काम करी. बाईसाहेब काशीला निघाल्या त्याच साली सासू गेली आणि काम सुनेकडे आलं. गेंदीबाई म्हणायची, "म्हने तो वा कदी दिखी नी छोरी, पण चादर रोज चुरगळेली रे हे. कोई तो सोवे हे." आणि काका काही न बोलता रोज सकाळी उंबऱ्याशी रिकामा तांब्या उचलत. काल भरून ठेवलेला. पाणी कुठे जातं हे त्यांनी कोणाला विचारलं नाही. ज्याला रोज तहानेचा पुरावा मिळतो तो कशाला विचारेल?

हे तिघे एकमेकांना कोठीत कधी भेटत नसत. ज्याची त्याची वेळ ठरलेली, ज्याचं त्याचं दार वेगळं. बाहेर भेटले तरी आतलं बोलायचं नाही, हेही दस्तुरातच होतं.

गल्लीला हे सगळं ठाऊक होतं, आणि भीती वाटण्यापेक्षा त्यांना आधारच वाटायचा. कारण विड्याची चाल. कोठीच्या आश्रयातल्या घरांनी लग्न ठरवायचं, मुलाला बाहेरगावी पाठवायचं, घर सोडायचं तर बाईसाहेबांना विचारायचं, ही जुनी रीत होती. गुरुवारी सकाळी काका उंबऱ्याशी तबकात अर्ज आणि त्यावर एक विडा ठेवत. शुक्रवारी सकाळी विडा उचललेला असला तर मंजूर; तसाच असला तर नामंजूर. बाईसाहेब गेल्यावरही लोक अर्ज आणत राहिले, आणि उत्तरं येत राहिली. कधी होकार, कधी नकार. आमच्या शेजारच्या शंकरला ग्वाल्हेरच्या गिरणीत काम मिळालं होतं. त्याचा विडा तसाच राहिला. तो गेला नाही. पुढे मी त्याला कितीदा तरी बस-अड्ड्यावर हमाली करताना पाहिलं. इंदूरची मोटार निघाली की तो तिच्याकडे पाठ करून उभा राहायचा.

शाळेत आम्हाला गणिताला पेठे मास्तर होते. दरबारी घराण्यातले, काळी टोपी, खडूने पांढरे झालेले कफ. त्यांच्या घरात तीन पिढ्या पुस्तकं, माझ्या घरात मी पहिली अक्षर ओळखणारी. हे ते विसरले नाहीत आणि त्यांनी मला विसरूही दिलं नाही, पण वाईट अर्थाने नाही. म्हणायचे, "तुझ्यामागे कोणी नाही ते बरंय. चुकीचं शिकवलेलं पुसायला नको." एकदा त्यांनी फळ्यावर मसावि काढायची भागाकाराची रीत मांडली. मोठ्या संख्येला लहानीने भागा; बाकी उरली तर आता लहानीला त्या बाकीने भागा; असंच करत जा. मी झटकन उत्तर सांगितलं. त्यांनी ते पुसलं.

"उत्तर विसर. रीत लिही. अशी लिही की तुझ्याशी भांडलेल्या माणसाने ती वाचली, त्याला गणिताचं ओ की ठो कळत नसलं, तरी त्याच्या हातून हेच उत्तर निघेल."

मी लिहिली. त्यांनी वाचली, आणि खडू माझ्याकडे रोखून म्हणाले, "हे थांबेल कशावरून?"

मला प्रश्नच कळला नाही. थांबतंच की, मी म्हटलं. "तुला ठाऊक आहे म्हणून थांबतंय. कागदाला ठाऊक आहे का? बाकी शून्य आली की थांबा, हे तू कुठे लिहिलंस? तुझा भांडखोर माणूस शून्याने भागत बसेल मरेपर्यंत." वर्ग हसला. मला हसू आलं नाही. मला डोळ्यांसमोर काका दिसले, हातात तांब्या.

आज माझ्या नातीच्या अभ्यासक्रमात हे पहिल्या महिन्यात येतं. ती इंग्रजीतून वाचते, हिंदीत भांडते आणि मराठीत फक्त माझ्याशी बोलते, तेही अडखळत. तिने एकदा विचारलं, "आजी, तुझ्या वेळी कॉम्प्युटर कहां होता?" मी म्हटलं, "देवासला होता, तीन माणसं मिळून. आणि तो सुरूच होता."

मी मॅट्रिक पास झाले. आमच्या घराण्यातली पहिली. मुलगी म्हणून नव्हे, माणूस म्हणूनच पहिली. पेठे मास्तर स्वतः इंदूरच्या कॉलेजचा फॉर्म घेऊन आमच्या दारात आले आणि काकूने घाईघाईने धुतलेल्या पाटावर बसले. पोहे खाऊन झाल्यावर म्हणाले, "गणपतराव, हिला पाठवा. फॉर्मची मुदत येत्या शनिवारपर्यंत." काकांनी फॉर्म दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि म्हणाले, "बाईसाहेबांना विचारतो." मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. वडिलांना आधीच पत्र टाकलं होतं, त्यांनी कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं उत्तर एका ओळीचं होतं: दादा म्हणेल तसं.

तो सोमवार होता. गुरुवारपर्यंत तीन दिवस. मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती: विडा उचलतं कोण?

दस्तुराची पानं, ज्यात ज्याचं त्याचं काम लिहिलेलं, ज्याच्या त्याच्याकडे असत, मेणकापडात शिवलेली. तिघांनाही वाचता येत नव्हतं. पानं देव्हाऱ्यात, आणि मजकूर पाठ. काकांचं पान मी काकूच्या देव्हाऱ्यातून काढलं. गेंदीबाईचं पान तिने स्वतः आणून दिलं, "बांच दे बेटा, सासू ने कंई गलत तो नी सिखायो?" रामाजीने दोन विड्या आणि एक काडेपेटी एवढ्यावर दिलं. मंगळवारी दुपारी काकू बाजारात गेली असताना मी स्वयंपाकघराच्या फरशीवर तिन्ही पानं शेजारी-शेजारी मांडली. मला वाटतं ती एकत्र अशी पहिल्यांदाच आली असावीत.

वाचून काही कळेना. प्रत्येक पान आपल्यापुरतं सरळ होतं. म्हणून मास्तर सांगायचे तसं केलं. ते म्हणायचे, रीत वाचून विश्वास ठेवू नकोस, चालवून बघ. मी चिंचोके घेतले. एक तांब्याचा: चपटा ठेवला की भरलेला, उभा केला की रिकामा. एक दिव्याचा, एक चादरीचा, एक विड्याचा. एक तिथीचा, तो खडूने आखलेल्या तीस घरांतून पुढे सरकणारा. आणि पानं सांगतील तेवढंच करायचं, आपल्या मनाने काही नाही, असं ठरवून मी दिवस चालवायला लागले.

सकाळ: काकांचं पान. तांब्या रिकामा असल्यास भरून ठेवावा. दुपार: गेंदीबाईचं पान. तांब्यात पाणी उरले असल्यास तुळशीस घालावे, तांब्या जागी ठेवावा. चादर चुरगळलेली असल्यास सारखी करावी. संध्याकाळ: रामाजीचं पान. दिवा एक पळी तेलाचा लावून झरोक्यातून आत सरकवावा, आतली घंटा वाजेपर्यंत किंवा दिवा शांत होईपर्यंत पंखा ओढावा. पंख्याखाली मलमलीची पातळ चादर. वाऱ्याने ती चुरगळणारच. पुन्हा सकाळ. तांब्या रिकामा. भरावा.

सातआठ दिवस चालवल्यावर माझे हात आपोआप फिरायला लागले. आणि मग जे झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. फरशीवर कोणीतरी राहायला लागलं. चिंचोके पाणी पीत होते. संध्याकाळी वाऱ्याला बसत होते, झोपत होते, सकाळी उठल्याच्या खुणा मागे ठेवत होते. मी काही करत नव्हते, फक्त पानांची आज्ञा पाळत होते, आणि तरी तिथे एक बाई होती, जिला सवयी होत्या. पहिला गुरुवार शुद्ध पक्षात आला. तबकात विडा. गेंदीबाईच्या पानावर लिहिलं होतं, शुद्ध पक्षी तबकातील विडा गाईस द्यावा. दिला. दुसऱ्या सकाळी काकांच्या पानाप्रमाणे: मंजूर. मग वद्य पक्षातला गुरुवार. गेंदीबाईचं पान: वद्य पक्षी तबकास हात लावू नये. विडा तसाच. नामंजूर. माझ्या बोटांखाली तिने मान हलवली, नाही. दुपारची वेळ, बाहेर लख्ख ऊन, गल्लीत कल्हईवाल्याचा भाता चाललेला, आणि मला मागे वळून बघायची हिंमत होईना.

काकू आली तेव्हा मी तशीच बसले होते. "चिंचोके खेळायचं वय आहे का हे, घोडे?" ती म्हणाली, आणि मी रडायलाच लागले.

सगळं लागलं होतं, एकच गाठ सोडून. गाईला दिलेला विडा होकार ठरावा, अशी चूक दस्तूर लिहिणारा इतका व्यवस्थित माणूस कशी करेल? मी काकांचं पान उन्हात धरलं. अर्जाच्या ओळीवर बारीक कागदाची पट्टी चिकटवलेली होती, अक्षर वेगळं. पट्टीवर: दर गुरुवारी. खाली, आरपार दिसणारं, जुनं: वद्य पक्षातील गुरुवारी. म्हणजे मुळात अर्ज फक्त वद्यात जात. शुद्धातला विडा व्रताचा, म्हणून तो गाईला. मग कोण्या कारभाऱ्याला वाटलं लोकांना पंधरा दिवस खोळंबा होतो, त्याने एका पानाला ठिगळ लावलं आणि दुसरं पान पाहिलंच नाही. दोन्ही पानं आपापल्या जागी बरोबर, आणि दोन्ही मिळून चूक. बाईसाहेब जिवंत असतानाही त्यांचा शुद्धातला नकार कधी बाहेर पोचला नसणार. गाय खात होती तो. आणि त्या गेल्यापासून शुद्धात सगळ्यांना होकार आणि वद्यात सगळ्यांना नकार. शंकरने वद्यात विचारलं होतं. एवढाच त्याचा गुन्हा.

पुढे मी तीस वर्षं प्रोग्राम लिहिले आणि लिहून घेतले. भोकं पाडलेल्या कार्डांपासून पडद्यापर्यंत. नवी मुलं मोठमोठी नावं घेऊन यायची, भागांची स्वतंत्रता, भागाभागांतले करार, काय काय. मी ऐकून घ्यायची. मनात म्हणायची, मला हे एका पट्टीने आणि एका हमालाने शिकवलंय.

येता गुरुवार वद्यातला होता.

त्या संध्याकाळी मी काकांना अंगणात गाठलं आणि सगळं सांगितलं. पाणी गेंदीबाई ओतते. चादर पंख्याने चुरगळते. आत कोणी नाही, काका. काका तांब्याला चिंच-राख लावत होते. त्यांनी पूर्ण ऐकलं. मला वाटलं मारतील. त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही.

"पाणी गेंदी ओतते. बरं. तिला ओतायला कोण लावतं?"

"पान."

"पान कोणी लिहिलं?"

"कारभाऱ्यांनी. बाईसाहेबांनी सांगितलं तसं."

"म्हणजे त्यांनीच सांगितलं ना? मग पाणी कोण पितं?"

याचं उत्तर, खरं सांगते, मला अजून सापडलेलं नाही.

"पण काका, हे थांबणार कधी?"

"पानात कुठे थांबायचं लिहिलंय?"

"कुठेच नाही."

"मग?" ते म्हणाले, आणि तांब्या खळखळून धुतला.

मी विनवलं, पुढच्या पक्षात विचारा. ते म्हणाले, मुदत शनिवारची आहे, मास्तरच म्हणाले. मग विचारूच नका, मी म्हटलं. त्यावर मात्र ते माझ्याकडे बघत राहिले. "यमू, न विचारता गेलीस तर चोरासारखी जाशील. आपलं घर कुठून चोरासारखं गेलेलं नाही." आणि नकार आला तर? "तर नाही जायचं." धुतलेला तांब्या त्यांनी पुन्हा राखेने घासायला घेतला; रागाने असेल असं मला वाटलं.

गुरुवारी सकाळी काकूने विडा लावला. तिचा हात सढळ. दोन लवंगा टोचल्या. काका फॉर्म घेऊन गेले. दुपारी मी गेंदीबाईला जिन्याशी अडवलं, तिचे पाय धरायचे बाकी ठेवले. एक विडा उचल गं, कोणाला कळणार नाही. तिने कानांना हात लावले. "अंधारो पख हे बेटा. म्हूं हाथ नी लगाऊं. वा देखे हे." संध्याकाळी पंखा हलताना दिसला, दोरीची पितळी कडी भिंतीवर छुन् छुन् वाजत होती, नेहमीसारखी. मला माहीत होतं ती कडी आहे. मी तरी पांघरूण डोक्यावरून घेतलं.

शुक्रवारी काका परत आले ते उशिरा. फॉर्म काकूच्या हातात दिला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मंजूर आहे. विडा उचललाय." आणि न जेवता अंथरुणावर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

काकूने देवापुढे साखर ठेवली. मला आनंद व्हायला हवा होता. मला जे वाटलं ती निव्वळ भीती. मी गेंदीबाईकडे धावले. ती म्हणाली विडा दुपारी तबकात होता, तिने डोळ्यांनी पाहिला. रामाजी आत जाऊ शकत नव्हता. मी तिन्ही पानं पुन्हा चालवली, दोनदा. उत्तर नाही असंच यायचं. चिंचोके नाही म्हणत होते आणि कोठी हो म्हणाली होती.

वाचणाऱ्याला आत्ताच उमजलं असेल. मला उमजलं नाही. माणूस पायाखालच्या जमिनीवर संशय घेत नाही तसा मी काकांवर घेतला नाही. ज्यांनी तीस वर्षांत एक पायरी चुकवली नव्हती, ताप असताना भिंत धरत जाऊन तांब्या भरला होता, ते माझ्या हिशेबात माणूस नव्हतेच. ते पान होते. रीत तपासली, रीत चालवणारा तपासला नाही.

मी इंदूरला गेले, पदवी घेतली, नोकरी धरली. ऑफिसात मी कडक म्हणून प्रसिद्ध होते. कोणी म्हणालं की उत्तर आपोआप असं आलं, तर मी त्याला खुर्चीवरून उठू देत नसे. आपोआप काही येत नाही, ओळ दाखव. आणि हे बजावताना आतून मला ठाऊक असायचं की एक उत्तर माझ्याकडे आहे ज्याची ओळ मला सापडलेली नाही. माझं सगळं आयुष्य त्या उत्तरावर उभं होतं. कधी घरी एकटी असताना पंख्याची दोरी ओढल्यासारखा आवाज आला तर मी हातातलं काम ठेवून थोडा वेळ उभी राहत असे. उगाच नाही. आभार मानल्यासारखं.

पहिल्या दिवाळीला देवासला आले तेव्हा गुरुवारच्या तबकात मी दोन विडे पाहिले.

"काका, दस्तुरात एकच आहे."

"असू दे," ते म्हणाले.

दर भेटीला दोनच. गाठ सुटेना. काकूला विचारलं तर ती चिडली, "अगं, तुझ्या काकांचं डोकं! तुझी मंजुरी आली त्या दिवसापासून उंबऱ्याशी जातात ते मान खाली घालून. तांब्या ठेवतात नि पाठ न दाखवता मागे सरत येतात. पूर्वी असे नव्हते."

काका गेले ते पावसाळा संपता संपता. मी पोचले तेव्हा दिवस उरकले होते. गेंदीबाई अंगणात बसली होती, खूप थकलेली. म्हणाली, "गणपत गयो ने बाईसाब भी गी. तांब्यो अब रोज सूखो. पाणी नी मंगावे वा अब." तांब्या भरायलाच कोणी नव्हतं. एक पान बंद पडलं आणि ती बाई, जी मी फरशीवर पाहिली होती, ती गेली. इतकी वर्षं मी तिला घाबरत होते. त्या क्षणी मला पोरकं वाटलं.

काकूने काकांचा पत्र्याचा डबा माझ्यापुढे सरकवला. त्यात मेणकापडातलं पान होतं. त्याखाली पेठे मास्तरांच्या अक्षरातला माझ्या फॉर्मचा कच्चा कागद, चार घड्या घातलेला. घडीत काहीतरी कडक लागलं. काळं पडलेलं, बोटाएवढं, हात लावताच कडेने चुरा होणारं. विड्याचं पान. त्यात दोन लवंगा, टोचल्या तशाच.

काकू जवळ सरकली, बघितलं, आणि पदर तोंडाशी नेला.

मी त्यांना सांगितलं होतं की आत कोणी नाही. त्यांनी माझं ऐकून विडा उचलला असता तर ती चलाखी झाली असती, आणि एक माणूस त्या विड्याची भरपाई म्हणून दोन विडे ठेवत जन्मभर मान खाली घालून चालला नसता. त्यांनी मानलं नव्हतं. बाईसाहेब आत बसल्या आहेत, बघत आहेत, त्यांनी नाही म्हटलं आहे, हे पक्कं मानून त्यांनी हात उंबऱ्याच्या आत घातला होता.

मी एक लवंग दाताखाली धरली. इतक्या वर्षांनी जीभ चरचरली.

मग मी तांब्या घेतला, विहिरीवर भरला, मागचा जिना चढले. गेंदीबाईच्याने आता नीट झाडणं होत नव्हतं, खोलीत धूळ होती; दुपारची वेळ, पंखा स्थिर होता, चादरीला एक सुरकुती नव्हती. चौरंगावर तांब्या ठेवला. आणि काकांना ज्यासाठी इतकी वर्षं हुकूम आला नाही ते मी, कोणी न सांगता, मोठ्याने म्हटलं, "बाईसाहेब, आता पुरे."

उंबरा ओलांडताना पाठ मात्र दाखवली नाही.